पहिला घाव

सालईवाडी, ३ फेब्रुवारी २०२५

सोमनाथ,

आशीर्वाद वगैरे वर लिहितात, तो आज राहू दे. आधी बोलायचं ते बोलते, मग उरला तर देईन.

तू माझा फोन बंद करून ठेवलास. मला आधी वाटलं रेंज नाय. चंपाबाईच्या नातीनं, करुणानं, मोबाईल हातात घेऊन बघितला आणि म्हणाली, "आजी, तुम्हाला ब्लॉक केलंय त्यांनी." म्हणजे काय ते पण तिनंच सांगितलं. सख्ख्या बहिणीच्या तोंडावर दार लावून आत बसायचं, असं ते. म्हणून कागद घेतला. फाडायचा तर फाड, पण फाडायच्या आधी तू दोन ओळी वाचणारच. तुला मी लहानाचा मोठा केलाय, मला तुझी खोड माहितीय.

परवा नानासाहेब घरी आले होते. सरपंच झाल्यापासून आपल्या ओट्याला त्यांचे पाय लागले नव्हते, तेव्हाच मी समजले की काहीतरी मागायला आलेत. चहा घेतला. गोड लई झालाय म्हणाले. म्हटलं, शुगर तुम्हाला हाये, मला नाय. मग आले मुद्द्यावर. आसरांचं वरचं रान पण द्यायचं घाटतंय. त्याच्या पोटात काळा दगड हाये, हायवेला खडी पाहिजे, खडीवाला तयार हाये. ग्रामसभेत ठराव झाला की आधी झाडं काढायची, मग दगड.

"एकच अडचण हाये द्वारकाबाई," म्हणाले, "मजूर हात लावत नाहीत. सोमनाथरावांना एक दिवस येऊ द्या. रीत ती रीत."

रीत! ह्या माणसाच्या तोंडी रीत. तुझ्या सोसायटीतल्या लोकांना सांगितली तर हसतील, पण तुला तरी आठवण करून देते. आसरांच्या, त्या सात पाणदेवींच्या रानात हिरव्या झाडाला पहिला घाव आपल्या घरातल्या पुरुषानंच घालायचा. दुसऱ्या कुणी घातला तर तो रक्त ओकून मरतो, असं गाव आजवर धरून चाललं. म्हणून आपल्याला राखणदार म्हणतात. अप्पांनी हा घाव किती वेळा घातला? कुणाचं घर जळालं, आढ्याला लाकूड नाय, तेव्हा. त्या दिवशी जेवायचे नाहीत. झाडाभोवती फिरायचे, खोडाला कान लावायचे, मोठ्यानं म्हणायचे, "आई, गरज हाये म्हणून." आणि घाव घातल्यावर घरी येऊन कुणाशी बोलायचे नाहीत. बाकी वेळी गावाला वाळकी काटकी तेवढी मोकळी. ती रीत लोकांना अडवायला होती, सोमनाथ. तू तिचा परवाना केलास.

खालच्या रानाचं काय झालं ते मी उगाळत बसत नाय. तीन वर्षं झाली. सभामंडपाला चार खांब पाहिजेत म्हणून तू घाव घातलास आणि आठवड्यात डोंगराचं अर्धं अंग उघडं पडलं. मग तू गाव सोडून संभाजीनगरला गेलास, तेही मी गिळलं.

आता हे गिळायची नाय. वरच्या रानाकडं फिरकू नकोस. तुझ्या हातून घाव पडला नाय तर ह्या पंचक्रोशीतला एक मजूर कुऱ्हाड उचलणार नाय. सगळं तुझ्या एका हातावर हाये, म्हणून हात जोडते. मी आजवर कुणापुढं जोडले नव्हते, गंगापूरला सासरच्या घरातनं बाहेर काढली तेव्हासुद्धा.

अक्का


१९ फेब्रुवारी २०२५

सोमनाथ,

उत्तर नाय. बरं.

आज गावात शिवजयंतीचा डीजे लागलाय, भांडी हादरतायत, त्यात लिहिते. अक्षर लागलं नाय तर लाव.

काल वावरात होते. आपण यंदा पण कांद्याचं बी धरलंय. गोंडे आलेत पांढरेशुभ्र, मुठीएवढे. बघणाऱ्याला वाटावं काय पीक हाये. पण तू बांधावर येऊन उभा राहा आणि कान दे. आवाज नाय. ह्या दिवसांत त्या वावरात माश्यांचा असा घुमारा असायचा की ह्या टोकाचा माणूस त्या टोकाला हाक मारायचा तर दोनदा मारावी लागायची. खालच्या रानातल्या बेहड्यांना आग्या मोहळं लटकायची. तू दगड मारला होतास एकदा आणि तोंड सुजवून आला होतास, माझ्या पदरात तोंड घालून रडलास. झाडं गेली, मोहळं गेली, आणि गोंडा फुलला तरी बी भरेना. आता आम्ही काय करतो माहितीय? बाया रोजानं लावतो. हातात मलमलचं फडकं, ह्या गोंड्यावरनं फिरवायचं, मग त्या गोंड्यावरनं. लेकराचं तोंड पुसतो तसं. माशीचं काम माणसं करतायत. सकाळपासून दुपारपर्यंत फडकं फिरवून माझा खांदा भरून येतो, तरी निम्मा गोंडा पोकळ. माशी फुकट करत होती आणि कधी थकली नव्हती.

झिरा तर विचारूच नको. आसरांच्या सात दगडांपासून पाणी कसं भर उन्हाळ्यात पण बोट बोट चालू असायचं. आता संक्रांत सरली की नुसती ओल. टँकर येतो. बायका टँकरला शिव्या देतात, मला वाटतं त्या कुणाला दिल्या पाहिजेत ते मला माहितीय, पण मी बोलत नाय. रानडुकरं आणि रोही सरळ घरामागं येतात. लोक काठ्या घेऊन धावतात त्यांच्यावर. त्यांचं घर मोडलं, ती जाणार कुठं, बिडकीनला फ्लॅट घेणार?

आणि तू वृक्षमित्र झालास म्हणे. करुणानं फोटो दाखवला. डोक्याला फेटा, खांद्यावर शाल, हातात प्लास्टिकच्या पिशवीतलं रोप, आणि दात काढून हसतोयस. त्या रोपाचं नाव तरी ठाऊक होतं का तुला? अप्पांचा पोरगा तू. डोळे झाकून पान चुरगाळायचं आणि वासावरनं झाड सांगायचास, सालई का मोई, धावडा का अंजन. एक झाड तुटलं की दहा लावायची, असं तुझं कंत्राट. शेंद्र्याच्या रस्त्याला लावलेली मी बघितली, एसटीतनं येताना. पिंजरे उभे, आत काड्या. एका पिंजऱ्याला कुणीतरी शेळी बांधली होती, तेवढी एक टवटवीत होती.

अरे, धावड्याला आपल्या आजाच्या मांडीएवढं व्हायला माणसाचं आयुष्य जातं. त्याच्या बुडाशी काय काय असतं, कोणती बुरशी, कोणते किडे, कोणतं गवत, त्यावर कोण जगतं, हे ना तुला लावता येतं ना मला. लावलेल्याला बाग म्हणतात.

चंपाबाई आली होती. तीच, भीमनगरातली, आपल्या ओट्यावर बसून पळसाच्या पत्रावळ्या लावायची ती. तिला मी आसरांचं सांगायला लागले तर तिनं मला तिथंच तोडलं. म्हणाली, "अक्का, तुमच्या आसरांच्या नावाखाली माझ्या सासूला झिऱ्यावर घागर बुडवू दिली नव्हती गावानं. मला देवीचं सांगू नका. पण त्या रानातल्या पानावर मी चार लेकरं शिकवली. रान मला पाहिजे. मी ग्रामसभेत उभी राहणार हाये. तुम्ही येता का?"

म्हटलं, "ग्रामसभा कशाला? सोमनाथ आला नाय की कुऱ्हाडच चालत नाय."

"म्हणजे तुमचा सगळा भरवसा भावाच्या न येण्यावर," म्हणाली. "आणि आला तर?"

मला तिचा राग आला. पण रात्रभर तेच डोक्यात. म्हणून परत लिहिते. मला शब्द दे. तू खोटा असशील, लबाड असशील, पण अक्काला दिलेला शब्द तू आजपर्यंत मोडला नायस. एवढं मला कबूल करावं लागतं.

अक्का


१० मार्च २०२५

चिरंजीव सोमनाथ, अक्काचा आशीर्वाद. बघ, आज आधी लिहिला.

तुझं पत्र पोचलं. तीनच ओळी, पण तुझ्या हातच्या. "अक्का, शब्द देतो. वरच्या रानात मी पाय ठेवणार नाही. गुडघ्याची काळजी घे." मी चष्मा पुसून पुसून वाचलं. मग उठून गूळ काढला आणि दारावरनं जाणाऱ्या पोरांना वाटला. त्यांनी विचारलं कशाचा, म्हटलं खा गुपचूप.

मी तुला मागच्या दोन पत्रांत लई टाकून बोलले. ते मागं घेत नाय, पण त्याच्यावर हे एक वर ठेवते. तू अप्पांचाच हायेस.

नानासाहेबांना मुद्दाम सांगितलं. ग्रामपंचायतीसमोर गाठलं आणि म्हटलं, सोमनाथ येणार नाय, शब्द दिलाय त्यानं. माणूस हसला. म्हणाला, "असं का? बरं झालं कळवलंत." तोंड पडलेलं लपवत होता, दुसरं काय.

वीस तारखेला ग्रामसभा हाये. मी जाणार नाय. गुडघा दुखतोय आणि आधीचे गोंडे उतरायला आलेत, मागनं फुललेल्यांवर शेवटचं फडकं फिरवायचं हाये. शिवाय त्या पुरुषांच्या गर्दीत कोपऱ्यात उभं राहून कोण आपलं ऐकणार? चंपाबाई तणतणत गेली माझ्यावर. जाऊ दे. तिला आपल्या घराची रीत कशी कळावी? ठराव करू देत शंभर. कागदानं झाड पडत नाय.

जवसाची चटणी पाठवतेय, करमाडचा पुंजाराम दूध घालायला शहरात येतो त्याच्याकडं. माऊलीला आवडते. त्याला म्हणावं आत्याला फोन कर, तुझ्या बापानं बंद केलाय, तू तरी उघडा ठेव. तुझ्या बायकोला, सोनियाला पण आशीर्वाद.

तुझी अक्का


२४ मार्च २०२५

सोमनाथ,

तुझा शब्द तू पाळलास. सरळ सांगते, असा पाळलेला शब्द मी जन्मात बघितला नाय.

ग्रामसभेत काय झालं ते मला चंपाबाईनं सांगितलं. ती एकटी उभी राहिली. म्हणाली रान गेलं की झिरा जाईल, झिरा गेला की गाव टँकरच्या चाकाला बांधलं जाईल, आणि खडीवाला दगड संपला की जाईल. लोक हसले. कुणीतरी म्हणालं, तुम्हाला कधीपासून आसरांची काळजी? तरी ती बसली नाय. तेव्हा नानासाहेब उठले आणि म्हणाले, "रानाचे राखणदार कुठं हायेत? द्वारकाबाई आल्या का? नाही. म्हणजे त्यांची हरकत नाही." झाला ठराव. मी तेव्हा वावरात फडकं फिरवत होते. माझं न येणं त्यांनी माझा होकार म्हणून लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्यांचा आवाज आला. मी तशीच उठून निघाले, एका पायात चप्पल नीट नव्हती. वर पोचले तर मजूर घोळका करून उभे आणि मधी माऊली. पांढरे बूट, कपाळाला गंध, हातात कुऱ्हाड धरलेली, अशी, जशी कुणी दुसऱ्याचं तान्हं धरावं. मला बघून त्याला बरं वाटलं. हो, बरं वाटलं त्याला, सोमनाथ. म्हणाला, "आत्या, आलीस! पप्पांनी तुला शब्द दिलाय ना, म्हणून ते नाही आले. मला पाठवलं. आपल्या घरातला पुरुष पाहिजे म्हणाले, मी चालतो."

बावीस वर्षांचं पोर, त्याला काय ठाऊक. त्याला वाटलं त्यात माझाच मान राखलाय.

एका मजुरानं मोबाईल उंच धरला होता. त्यातनं तुझा आवाज येत होता. "डावा पाय पुढं घे. वरनं मारू नको, तिरका मार. बुडाजवळ." अप्पांनी तुला शिकवलं होतं तसंच, शब्द न शब्द. फक्त ते म्हणायचे ते वाक्य तू पोराला सांगितलं नाहीस. आई, गरज हाये म्हणून. कसं सांगणार, गरज नव्हती.

मी त्या मोबाईलच्या समोर गेले. तू गाडीत बसला होतास, खांद्यावरनं पट्टा दिसत होता. तू मला बघितलंस, मी तुला बघितलं. मला वाटलं काहीतरी बोलशील. पडदा काळा झाला. मजूर म्हणाला रेंज गेली. मी त्याला म्हटलं, बाबा, ही रेंज मला माहितीय.

माऊलीनं घाव घातला. धावड्याला. कुऱ्हाड रुतून बसली, त्याला काढता येईना, दुसऱ्यानं काढली. तेवढंच पाहिजे होतं त्यांना. लगेच मशीनी सुरू झाल्या. इतके दिवस ज्यांना आसरांची भीती वाटत होती त्यांची ती एका घावात उतरली. रान भीतीवर टिकत नाय, हेच चंपाबाई सुचवत होती, आणि मी तिला रीत शिकवत बसले.

आता जे लिहिते ते वाचून तुला झोप येऊ नये. घाव पडल्यावर मी तुझ्या पोराच्या तोंडाकडं बघत उभी राहिले. गाव म्हणतं ना, चुकीच्या हातानं घाव घातला तर रक्त ओकतो. हात आपल्याच घराचा होता, पण न मागता, न विचारता घातलेला. मी वाट बघत होते, सोमनाथ. माझ्या अंगाखांद्यावर खेळलेलं पोर, आणि मी त्याला रक्ताची उलटी होते का ते बघत होते. व्हावी असं पण वाटत होतं आणि झाली तर मी मरून जाईन असं पण. इथपर्यंत तू मला आणलंस.

काही झालं नाय. त्यानं बाटलीतलं पाणी प्यायलं आणि तळहात बघितला. फोड आले होते.

घरी आणलं त्याला. हळद लावली, पिठलं भाकरी वाढली. चांगला जेवला. जेवता जेवता म्हणाला, "आत्या, तू वाईट वाटून घेऊ नको. पप्पा एकाला दहा लावणार आहेत." मी त्याला आणखी एक भाकर वाढली. पोराशी माझं भांडण नाय.

अक्का


२ एप्रिल २०२५

सोमनाथ,

तुझं पत्र मिळालं. ह्या वेळी तीन नाय, पानभर. सुचलं म्हणजे तुला.

रान कधी ना कधी जाणारच होतं, म्हणतोस. तू माऊलीला पाठवलं नसतंस तर त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी पुढं घातलं असतं, म्हणतोस. असेल. मग त्या दुसऱ्याच्या बहिणीनं त्याला पत्र लिहिलं असतं, मला लिहावं लागलं नसतं.

वर सगळं मोकळं झालंय. आता इथनं थेट हायवे दिसतो, ते कधी दिसत नव्हतं. पाडव्याला गुढी उभारली तर दुपारपर्यंत तिच्या कापडावर धूळ. उतरलेले गोंडे अंगणात वाळत घातलेत, त्यांच्यावर पण धूळ. चंपाबाई कलेक्टर ऑफिसला चकरा मारते, उरलेल्या ओघळाकाठच्या पट्ट्यासाठी. मी पण जाते तिच्यासोबत, गुडघा दुखत असताना. उशिरा गेले, पण जाते. परवा बाहेर बाकड्यावर बसलो होतो, तिनं भाकर काढली आणि निम्मी मला दिली. आपल्या घरात तिच्या हातचं कुणी खाल्लं नव्हतं कधी. मी खाल्ली.

गावात आता आपल्या घराला राखणदार म्हणणारं कुणी नाय. काय राखायचं? नानासाहेब रस्त्यात भेटले तर हात जोडत नाहीत, नुसती मान हलवतात. त्यांचं काम झालं.

तू लिहिलंस, अक्का, इकडं ये, तुझ्यासाठी खोली ठेवलीय, बाल्कनीत कुंड्या हायेत, तुझं मन रमेल. नाय येत. माझं इथंच काय व्हायचं ते होऊ दे. आणि ते झालं की कुणीतरी तुला फोन करील. माझा नंबर बंद असला तरी दुसऱ्याचा लागतो तुला.

तेव्हा तू येऊ नकोस. माऊलीला पाठव. अग्नी कसा द्यायचा ते त्याला तू गाडीत बसून मोबाईलवरनं सांग. डावा पाय पुढं घे म्हणावं.

अक्का